रतनची सावड

दादासाहेबांनी कुणाला दम दिला नाही की कुणावर डोळे वटारले नाहीत. मुकादमाला ओट्यावर बोलावून चहा पाजला आणि दात कोरत म्हणाले, "मोहनरावाच्या कांद्यात कोण कोण जातंय, मलाबी जरा बघू द्या." तेवढ्यावर काम झालं. दुसऱ्या दिवशी मोहनरावांची बायको छबूबाई विळे, पाट्या आणि पाण्याचा हंडा बांधावर मांडून उन्हं वर येईस्तोवर वाट बघत बसली, तर बायांची टोळी तिच्या डोळ्यांदेखत टेम्पोतून दुसऱ्याच्या रानात निघून गेली. मुकादमीण तर मुद्दाम पाठमोरी बसली होती.

भांडण बांधाचं होतं. दादासाहेबांचा ट्रॅक्टर दरसाल नांगरताना मोहनरावांचा बांध थोडाथोडा कोरायचा. मोहनराव बरीच वर्षं गप्प बसले आणि यंदा त्यांनी सरकारी मोजणी आणली. दादासाहेबांच्या उसाच्या चार सऱ्या मोहनरावांच्या रानात निघाल्या. अख्ख्या वस्तीसमोर खुणेचे दगड रोवले गेले. दादासाहेबांना रानाचं काही नव्हतं, रान त्यांच्याकडं उदंड होतं. चारचौघांत नाक कापलं गेलं, हे मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं.

आणि मोहनरावांची वेळ अशी, की गुडघ्याचं ऑपरेशन करून ते खाटेवर. पोरगा अजित ट्रक घेऊन तिकडं मद्रासच्या रस्त्याला. घरात छबूबाई आणि सून सुप्रिया, दोघीच. रानात दोन एकर कांदा, माना टाकून पडलेला. वर आभाळाचा रंग रोज दुपारनंतर बदलायचा आणि मोबाईलवर एकच सांगणं, रविवारी संध्याकाळी अवकाळी पाऊस, गारांसह. भिजलेला कांदा साठवणीच्या चाळीत ठेवला की आठवड्यात वास मारायला लागतो, हे लासुर्ण्यापासून भवानीनगरपर्यंत शेंबड्या पोरालाही माहीत.

वस्तीच्या खालच्या अंगाला ख्रिस्ती मंडळींची पंधरा-वीस घरं आहेत. त्यातलं एक रतनचं. रतन पन्नाशीची, हाडापेरानं दणकट, आणि बोलायला लागली की समोरच्याला बसायला पाट शोधावा लागतो अशी. तिची छबूबाईशी सावड होती. सावड म्हणजे आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. रोजगार द्यायचा नाही, घ्यायचा नाही. घरच्या सुना बदलल्या, पिकं बदलली, पण या दोघींची सावड टिकून होती. आत्ता माघात रतनच्या गव्हाला छबूबाई अंगात ताप असताना आली होती. डोक्याला पदर घट्ट बांधून तिनं आपल्या वाट्याची पात, म्हणजे कापायची ओळ, पुरी केली होती. ती सावड फेडायची पाळी आता रतनची होती.

गुरुवारी रतन विळ्याला धार लावत बसली असताना तिचा नवरा आबाजी बाहेरून आला. आबाजी मंडळीचा, म्हणजे इथल्या ख्रिस्ती समाजाचा, पंच. चर्चला इथं देऊळच म्हणतात; त्या देवळाची किल्ली त्याच्या घरात खुंटीला असायची. रविवारी घंटा वाजवणं, सतरंज्या अंथरणं, दिवाबत्ती, सगळं त्याच्याकडं. माणूस अत्यंत पापभीरू. कुणी मोठ्यानं बोललं तरी याला वाटायचं, आपलंच चुकलं असेल.

"विळा कशाला काढलास?" त्यानं विचारलं.

"उद्या छबूआक्काच्या कांद्यात जायाचं हाय. निकिताबी येती."

निकिता म्हणजे त्यांची सून. ती चुलीपुढं भाकरी थापत होती.

"नको जाऊस," आबाजी म्हणाला.

"का?"

"देवळाची वाट कुणाच्या उसातनं जाती?"

वाट दादासाहेबांच्या उसातून जायची. आबाजीच्या आज्ज्यानं आणि त्याच्या वेळच्या माणसांनी डोक्यावर दगड वाहून देऊळ बांधलं, तेव्हा सगळं माळरान होतं. पुढं कालव्याचं पाणी आलं, माळाचा ऊस झाला आणि देऊळ उसाच्या पोटात गेलं. वाट तेवढी राहिली. बैलगाडी जाईल एवढी, सगळ्यांच्या वहिवाटीची, पण कागदावर कुठंच नसलेली.

"त्यांनी वाट आडवली तर आपुन काय उडत जायाचं?" आबाजी म्हणाला. "येत्या रविवारी झावळ्यांचा सण. म्होरं शुभ शुक्रवार, ईस्टर. सगळं तोंडावर आलंय आणि तुला कांदा सुचतोय."

"मला कांदा सुचत न्हाय. मला सावड सुचती," रतन म्हणाली आणि विळ्याची धार अंगठ्यावर बघितली. आबाजी तांब्या घेऊन बाहेर गेला.

शुक्रवारी त्या चौघी वाफ्यात उतरल्या. छबूबाई, सुप्रिया, रतन, निकिता. जमीन वरून कडक, आतून चिकट. खुरप्यानं सैल करायची आणि पात धरून कांदा उपसायचा. एक वाफा झाला की मागं फिरून पात कापायची, कांदा पाटीत, पाटी डोक्यावर, चाळीकडं. दहा वाजले तसं ऊन पाठीत शिरलं. रतनच्या मांड्या भरून आल्या. अंगठ्याच्या पेरात मातीनं चिरा पडल्या आणि त्या चिरांत कांद्याचं पाणी झोंबायला लागलं. घाम पुसायला हात वर नेला की डोळे चुरचुरायचे, मग रडल्यासारखं पाणी. निकिता लहानसर जिवाची. दुपारी ती बांधावर बसली ती तिला उठवेना.

रस्त्यावरून मंडळीतल्या दोघीतिघी गेल्या. एरवी रतनला बघून हाक मारल्याशिवाय पुढं न जाणाऱ्या. आज त्यांना रस्त्यात फार खड्डे दिसत असावेत, कारण एकीनंही मान वर केली नाही. रतनला ते लागलं. तिनं पाटी आपटली आणि पुन्हा वाकली.

संध्याकाळी बघितलं तर रान जसंच्या तसं वाटत होतं. सगळ्या मिळून कोपरा साफ केला होता, एवढंच. छबूबाई वाफ्याच्या कडेला बसली आणि म्हणाली, "रतन, ऐक. मला कळतंय गावात काय चाललंय ते. तुमच्या देवळावर आलंय. तू उद्यापास्नं येऊ नगंस. सावड फिटली समज."

"तू म्हणलीस म्हंजी फिटली व्हय?"

"मी मनापास्नं सांगतीया गं."

"मनापास्नं सांग न्हायतर शपथ घिऊन सांग. रोगाच्या सालात आमचं सगळं घर आडवं हुतं, तवा तुला तुझ्या घरच्यांनी सांगितलं नव्हतं का, तिकडं फिरकू नगं म्हून? तू फिरकलीस न्हवं? रोज आमच्या दारात भाकरी ठिवून गेलीस, माझी गाय पिळलीस. आता मला शिकवतीस." रतननं पाण्याचा हंडा उचलून उरलेलं पाणी तोंडावर घेतलं.

शनिवारी दुपारी पाळकसाहेब आले. तरुण माणूस, बारामतीहून मोटारसायकलवर यायचे. गोरेगोमटे, बोलण्यात शुद्ध, आणि मनानं वाईट मुळीच नाहीत. उपवासाचे दिवस सुरू झाल्यापासून दर रविवारी ते एकनिष्ठेवर संदेश देत होते. प्रभूनं धरलेला हात सोडला नाही, आपणही सोडू नये. अशी सुरेख मांडणी, की बाया डोळे पुसत घरी जायच्या. तेच साहेब आता पॉलिशचे बूट सांभाळत वाफ्यातून येत होते. छबूबाईनं त्यांना पाणी दिलं आणि समजून लांबच्या वाफ्यात गेली.

"रतनबाई, मंडळीनं मला पाठवलंय," साहेब म्हणाले. "देवळाची वाट बंद झाली तर सगळ्यांचीच अडचण होईल. तुम्ही मंडळीशी एकनिष्ठ राहायला हवं."

"मी मंडळीला कुठं सोडलं?" रतनचा विळा चालूच होता. "रविवारी ईन की मी."

"तसं नव्हे. देवाच्या घराचा प्रश्न आहे. प्रभूशी एकनिष्ठा..."

"साहेब, परभू काय देवळात कुलूप लावून बसलाय? किल्ली तर आमच्या खुंटीला हाय." मग ती थांबली, कारण साहेबांचा चेहरा पडला होता आणि तिला त्यांची कीव आली. "रागावू नका. मला तुमच्यावानी बोलता येत न्हाय. पर आज छबूआक्काला हितं एकलीला सोडून मी उद्या झावळी हलवत परभूम्होरं हुबी ऱ्हायले, तर त्यो मला वळखंल का, सांगा."

साहेबांनी कांद्याच्या ढिगाकडं बघितलं. खाली मान घालून म्हणाले, "पण आबाजींनी दादासाहेबांना शब्द दिलाय. गुरुवारीच. आमच्या मंडळीतलं एकही बाईमाणूस कांद्यात जाणार नाही म्हणून. देवळाचा पंच आहेत ते. तो शब्द मोडला तर ख्रिस्ती माणसाच्या बोलण्याला किंमत काय राहिली?"

विळा निसटला आणि रतनच्या बोटात घुसला. रक्त आलं. तिनं बोट पदरात गुंडाळलं आणि निकिताला म्हणाली, "तू हितंच थांब. मी आले."

घरी आबाजी अंगणात शिंदीच्या झावळ्या सोलून क्रूस विणत बसला होता. दरसाल पोरांना वाटायला तो असे क्रूस करायचा. रतननं त्याच्यापुढं उभं राहून विचारलं, "माझा शब्द तुमी कशानं दिला?"

आबाजीनं विणायला आणखी एक झावळी घेतली.

"मी छबूआक्काला शब्द दिला असताना तुमी दादासाहेबाला दुसरा कशानं दिला? मला न इचारता? आणि घरात यिऊन सांगायचीबी छाती झाली न्हाय?"

"भ्यालो," आबाजी म्हणाला. "त्येनं ओट्यावर बोलावलं. पाचधा जण बसलेली. म्हणला, आबाजी, तुमच्या देवळाला कुलूप लागलं तर तुझ्या आज्ज्याला काय वाटंल? माझ्या तोंडातनं निघून गेलं, न्हाय जाणार आमच्या बाया. रतन, माझ्या हातनं देऊळ बंद पडलं असं व्हायला नगं, एवढंच डोक्यात आलं."

आता त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. रतन शेजारी बसली. त्याच्यावर ओरडायचं म्हणून ती तरातरा आली होती, पण त्याच्या पुढ्यातला अर्धवट विणलेला क्रूस बघून तिचा राग उतरला आणि फक्त वाईट वाटलं. हा माणूस उभ्या आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता, आणि बोलला तेव्हा भीतीपोटी.

"मग आता?" तिनं विचारलं.

आबाजी उठला, खुंटीवरची टोपी घेतली, झटकली, डोक्यावर ठेवली.

"चारचौघांत दिला, चारचौघांत माघारी घ्यायला पायजे," तो म्हणाला. रतन त्याच्या मागोमाग निघाली. तिला वाटलं, हा वाटेतूनच परतेल. आबाजी परतला नाही.

दादासाहेब ओट्यावर खुर्ची टाकून हुरड्याच्या वेळच्या उरलेल्या शेंगदाण्यांचा समाचार घेत होते. भोवती नेहमीची माणसं. मुकादमही होता. आबाजी पायरीखाली उभा राहिला. कुणी बस म्हणालं नाही. दादासाहेबांनी दाण्यांची टरफलं फुंकली, ती आबाजीच्या पायांशी येऊन पडली.

"काय आबाजी? उद्या तुमचा सण न्हाय का?"

"व्हय. दादासाहेब, गुरुवारी शब्द दिला हुता, त्यो माघारी घ्यायला आलोय."

मुकादम फिसकन हसला. दादासाहेबही हसले. "शब्द म्हंजी काय उसनी पाटी हाय व्हय रं, माघारी न्यायला?"

आबाजीनं मागं फाटकाशी उभ्या रतनकडं बघितलं. मग तो दादासाहेबांकडं वळला. "न्हाय. पर त्यो माझा द्यायचा नव्हताच. बायकूनं छबूबाईला आदीच शब्द दिलेला. त्येच्यावर मी माझा ठिवला. पयला शब्द खरा, माझा खोटा. तुमच्या म्होरं भ्यालो, म्हून बोललो. चूक माझी हाय. ती तुमच्या म्होरं आणि ह्या सगळ्यांच्या म्होरं कबूल करतो."

ओट्यावर कुणी हसलं नाही. दादासाहेबांनी हातातले दाणे खाली टाकले.

"ठीक हाय," ते म्हणाले. "उद्या मंग झावळ्या पंखावानी लावून उडत जावा देवळात."

परतताना आबाजी वाटेतल्या नळाजवळ बसला आणि घटाघटा पाणी प्यायला. तोंड धुतलं, टोपी ओली झाली. "देऊळ गेलं, रतन," तो म्हणाला. रतननं पदरानं त्याची मान पुसली. लग्नात पाळकांसमोर उभं राहून दोघांनी एकमेकांना न सोडण्याचं वचन दिलं होतं, पण इतक्या वर्षांत नवऱ्याचा एवढा अभिमान तिला कधी वाटला नव्हता. ती तसं सरळ त्याला म्हणाली. आबाजी लाजला आणि आणखी पाणी प्यायला.

रविवारी सकाळी मंडळी पांढऱ्या कपड्यांत जमली. पोरांच्या हातात झावळ्या, बायांच्या केसांत मोगरा. पुढं पाळकसाहेब पांढऱ्या झग्यात, मागं ढोलकी, आणि 'होसान्ना' म्हणत मिरवणूक वस्तीतून निघाली. उसाच्या तोंडाशी आली आणि थांबली. वाटेच्या तोंडावर माणसाच्या छातीएवढ्या बाभळीच्या काट्या रचल्या होत्या. वरून तारा. बांधावर दादासाहेबांचे दोन गडी काठ्या घेऊन विडी ओढत बसलेले. उसाच्या शेंड्यांवरून देवळाचा पत्रा आणि क्रूस तेवढा दिसत होता.

गाणं बंद पडलं. एक पोरगं रडायला लागलं.

द्वारकाबाई पुढं आली. मंडळीत सगळ्यांत खणखणीत आवाज तिचा. ती रतनकडं वळली. "झालं तुझं समाधान? बंद केलंस ना देवाचं दार? त्या कांद्यापायी?"

सगळे रतनकडं बघायला लागले. तिला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तिच्या मनात आलं, खरंच का मी सगळ्यांचं वाटोळं केलं? प्रभू, मी चुकले असेन तर आत्ता सांग.

"द्वारकाबाई, तिला न्हाय, मला बोला," आबाजी म्हणाला. तो मध्ये येऊन उभा होता. "खोटा शब्द मी दिला आणि माघारीबी मीच घेतला. आज पुन्हा इचारलं तर पुन्हा घीन."

पाळकसाहेब काट्यांकडं बघत उभे होते. मग त्यांनी वळून सगळ्यांकडं बघितलं, घसा खाकरला. संदेश देतानाचा तो गोड आवाज आज नव्हता.

"उपवासाच्या दिवसांत मी तुम्हाला एकनिष्ठा शिकवत आलो," ते म्हणाले. "आणि काल जाऊन रतनबाईंना सांगितलं, की ती सोडा. प्रभूला त्याच्या जवळच्यांनी टाकलं ते भीतीमुळंच. मीही भ्यालो. देऊळ बंद आहे, पण उपासना बंद नाही. मी मोहनरावांच्या कांद्यात चाललोय. ज्यांना यायचं त्यांनी या."

"रविवारचं काम करायचं?" द्वारकाबाई म्हणाली. मंडळीत रविवारी कुणी खुरप्याला हात लावत नव्हतं. पिढ्यान् पिढ्यांचा नेम.

"बाई, शेजारणीचा हात धरायला रविवारपेक्षा चांगला दिवस मला तरी माहीत नाही." साहेबांनी झगा डोक्यातून काढला, घडी घालून ढोलकीवाल्याच्या खांद्यावर ठेवला आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. बूट तिथंच काढले.

द्वारकाबाईनं एकदा आभाळाकडं बघितलं. पश्चिमेला काळं जमायला लागलं होतं. तिनं पांढऱ्या लुगड्याचा काष्टा घातला. "मग बघत काय बसलाय? घरनं इळं आणा," ती पोरींवर ओरडली.

छबूबाई वाफ्यात वाकलेली होती. रविवारी रतन येणार नाही हे तिनं धरलंच होतं. गाण्याचा आवाज जवळ आला तशी ती उठून उभी राहिली आणि बघते तर बांधावरून सगळी मंडळी तिच्या रानात उतरतेय, पांढरीशुभ्र, हातात विळे, पोरांच्या हातात अजून झावळ्या. ती "आगं आई" म्हणून मटकन खालीच बसली. खाटेवरचे मोहनराव काठी टेकत दारापर्यंत आले आणि चौकट धरून उभे राहिले.

मग काम सुरू झालं ते बघण्यासारखं. पुरुष उपसत होते, बाया कापत होत्या, साहेब आणि तरणी पोरं पाट्या वाहत होती. पोरं कांदे पोत्यावर गोळा करत होती. द्वारकाबाईनं एका वाफ्याच्या टोकाला बसून गाणं धरलं आणि अख्खं रान मागून म्हणायला लागलं. ओळ संपली की विळे एकदम कचकन वाजायचे. मध्येच साहेबांनी पाटी डोक्यावर असतानाच प्रार्थना केली, कारण उतरवून ठेवायला वेळ नव्हता. पांढरी लुगडी बघता बघता मातीची झाली. कांद्यानं सगळ्यांच्याच डोळ्यांना धारा लागल्या होत्या. छबूबाई मात्र कांद्याला हात न लावता रडत होती.

दुपार कलली तशी दादासाहेबांची जीप रस्त्यावर येऊन थांबली. काच खाली झाली. वाफ्यातलं गाणं थोडं दबलं. रतननं मान वर केली, जीपकडं बघितलं आणि पुढची ओळ स्वतःच उचलली. तिचा सूर भयंकर. पण मागून आबाजीनं साथ दिली, मग निकितानं, आणि मग गाणं आधीपेक्षा मोठं झालं. काच वर गेली.

जीप गेल्यावर बांधावर मुकादमीण आली. हातात विळा, तोंडावर पदर. छबूबाईच्या डोळ्याला डोळा न देता म्हणाली, "कुठली पात धरू?"

"ही माझ्याजवळची," छबूबाई म्हणाली आणि तिला जागा करून दिली.

शेवटच्या वाफ्यात असताना गार वारं सुटलं. पालापाचोळा गरगरत आला. वीज कडाडली तशी माणसं पळायला लागली. पाट्या हातोहात, ओळ धरून चाळीपर्यंत. पहिली गार पत्र्यावर वाजली तेव्हा शेवटची पाटी रतनच्या डोक्यावर होती. तिनं ती चाळीत रिकामी केली, साहेबांनी आणि आबाजीनं ताडपत्री ओढून दोर आवळला आणि पाऊस कोसळला. रिकाम्या वाफ्यांवर गारा नाचत होत्या. चाळीच्या आडोशाला सगळी मंडळी दाटीवाटीनं उभी होती, चिखलानं माखलेली, आणि हसत होती. आबाजी तर पोट धरून हसत होता. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

छबूबाई रतनचे दोन्ही हात धरून म्हणाली, "आगं, तुझी सावड मी फेडीन. पर ह्या एवढ्या हातांची कशी फेडू?"

"फेड कधीबी. पळून चाललोय व्हय आमी?" रतन म्हणाली.

पुढचा आठवडा मात्र सोपा गेला नाही. काट्या तशाच होत्या. शुभ शुक्रवारची उपासना रतनच्या अंगणात झाली, भर उन्हात. म्हातारी माणसं भिंतीच्या सावलीत सरकत सरकत बसली. आबाजी घंटा न वाजवता राहिला, हे त्याला फार लागलं. जेवताना तो सारखा उसाकडं बघायचा. रतनला वाटायचं, कांदा वाचला, पण ह्यांचं देऊळ ते गेलंच. तरी दोघांपैकी एकानंही, आपण चुकलो असं एकदा म्हटलं नाही.

ईस्टरची पहाटेची उपासना. मंडळी रतनच्या अंगणात जमायची होती. आबाजी सतरंजी झटकत होता तोच उसाच्या अंगानं खाडखाड आवाज यायला लागला. कोयत्यांचा. बरेच कोयते एकदम.

सगळे तिकडं धावले. पूर्वेला नुकतं फटफटत होतं. वाटेच्या तोंडावर छबूबाई पदर खोचून काट्या ओढत होती. सुप्रिया तारा गुंडाळत होती. मुकादमीण तिची सगळी टोळी घेऊन आली होती. रस्त्याला टेम्पो उभा होता, त्यातून छबूबाईच्या माहेरच्या, वडगाव निंबाळकरच्या बाया उतरत होत्या. भावजया, भाच्या, एक म्हातारी मावशीसुद्धा, प्रत्येकीच्या हातात कोयता. मोहनराव खुर्ची टाकून बसले होते आणि उगीच सगळ्यांना सूचना देत होते. दादासाहेबांचे दोघे गडी लांब उभे होते. एवढ्या बायांच्या कोयत्यांपुढं काठी दाखवायची त्यांची तयारी नव्हती.

दादासाहेब आले ते नुसत्या बंडीवर, सदराही न घालता, घाईनं. "छबूबाई, हे काय चाललंय? रान माझं हाय."

छबूबाईनं काटी बाजूला टाकली, हाताला निघालेलं रक्त लुगड्याला पुसलं. "रान तुमचंच हाय दादासाहेब, तुमच्या उसाच्या पात्याला कुणी हात लावला का बघा. वाट सगळ्यांच्या वापराची हाय. आमी सावड फेडतोय. जेवढं हात माझ्या कांद्यात आलं, तेवढं मोजून आणल्यात. सावड आडवायची रीत तुमच्या वडलांच्यातबी नव्हती. तुमी आडवणार असला तर तसं ह्या सगळ्यांम्होरं सांगा."

दादासाहेबांनी भोवती बघितलं. मुकादमीण त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन उभी होती. टोळीतली एकही बाई खाली बघत नव्हती. रस्त्यावरून दुधाला निघालेली माणसं सायकली, गाड्या लावून थांबली होती. त्यांच्यातलं कुणीही दादासाहेबांच्या बाजूला येऊन उभं राहिलं नाही. दादासाहेब वळले आणि घराकडं चालायला लागले. त्यांच्या मागून त्यांचे गडीही गेले.

शेवटची काटी पाळकसाहेबांनी आणि मुकादमिणीनं मिळून ओढली. वाट मोकळी झाली.

रतन पुढं झाली, वाटेतलं उरलंसुरलं काटकूट वेचायला वाकली, तर छबूबाईनं तिच्या पाठीत धपका घातला. "आज तू हात लावायचा न्हाय. आज सावड तुझ्या रानात हाय. जा, तुझ्या देवाकडं जा आदी."

आबाजी केव्हाच पळाला होता. धोतर सावरत, टोपी हातात, उसातून पोरासारखा. मंडळी गात निघाली आणि बाया कोयते खाली टाकून कडेला उभ्या राहिल्या. रतनला पुढचं काही नीट दिसेना. दोन्ही डोळे भरून वाहत होते आणि आज तर कांदाही नव्हता. ती मध्येच थांबली, मागं वळून कमरेवर हात ठेवला आणि अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडली, "जेवल्याबिगर एकीनंबी जायाचं न्हाय! निकिता, माघारी पळ, मोठं पातेलं काढ!"

तेवढ्यात देवळाची घंटा वाजायला लागली. आबाजी ती थांबवायचं नावच घेत नव्हता.